स्प्राइट
द्विमितीय संगणकीय खेळात पार्श्वभूमीपासून अलग राहून हलणारे छोटे चित्र. धावणे, उडी, वार अशा प्रत्येक हालचालीसाठी चित्रमालिका काढतात. ती भराभर दाखवली की पात्र जिवंत वाटते. निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रात (१९८३) एका स्प्राइटला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत आणि एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट उमटत. नववा गायब! त्यामुळे प्रोग्रामर स्प्राइटचा क्रम सतत फिरवत. गर्दीत पात्रे लुकलुकत ती त्यापायी.

ॲपल टू संगणकात स्प्राइटसाठी वेगळे हार्डवेअरच नव्हते. तरीही त्याच संगणकासाठी जॉर्डन मेकनर यांनी बनवलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळातील (१९८९) हालचाल आजही डौलदार वाटते. त्यांनी धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चौकट गिरवली. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटातील द्वंद्वावरून घेतली. पुढे मेमरीत नव्या शत्रूला जागा उरली नाही, तेव्हा नायकाचीच आकृती एक बिंदू सरकवून ‘एक्स-ऑर’ या तार्किक क्रियेने तिच्यावरच चढवली. त्यातून उमटलेला चमचमता छायापुरुष हा खेळातला सर्वांत संस्मरणीय प्रतिस्पर्धी ठरला, तोही जवळजवळ फुकटात.