कापडी लंगोट: कमी खर्चात सुरुवात कशी करावी?

बाळाचे लंगोट हा वरवर घरगुती विषय वाटतो. पण पहिली दोन-अडीच वर्षे बाळाच्या शरीराचा एक नाजूक भाग सतत कापडाखाली झाकलेला आणि वारंवार ओला होणारा असतो. ते कापड कोणते, किती वेळाने बदलले जाते आणि कसे धुतले जाते, यावर त्वचेचे आरोग्य अवलंबून असते.

त्यासाठी महाग संच घ्यावे लागत नाहीत. घरातल्या जुन्या, मऊ सुती कापडाचे लंगोट चांगले काम देतात. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: ओला लंगोट लवकर बदलणे, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणे आणि कापड पूर्ण वाळवणे. या तिन्हींपैकी एक जरी राहिली तरी महागड्या कापडानेही चट्टे उठतात.

खर्चाचा हिशोब

समजा, वापरून फेकायचा एक डायपर १० रुपयांना पडतो आणि दिवसाला ६ लागतात. म्हणजे महिन्याला १८०० रुपये झाले. आपल्या गावातला भाव घालून हा हिशोब करून पाहा. जुन्या साडीच्या लंगोटांना शिलाईपुरताच खर्च येतो. पुढे साबण, पाणी आणि श्रम लागतात.

यातले श्रम अनेकदा हिशोबात धरले जात नाहीत. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास, पहिले सहा आठवडे पाण्याने भरलेल्या बादल्या उचलणे आणि वाकून धुणे आईने टाळावे. लंगोट धुण्याचे काम बाळाचे वडील, आजी किंवा घरातले इतर कोणी करणार असेल तरच सर्वस्वी कापडी लंगोट वापरावेत. हात कमी असतील तर दिवसा कापडी आणि रात्री किंवा प्रवासात तयार डायपर, अशी विभागणी करावी. त्यातही बराच पैसा वाचतो. डायपर गुंडाळून वेगळा टाकावा, शौचालयात कधीही टाकू नये.

कापड कोणते घ्यावे?

सगळ्यात चांगले कापड म्हणजे अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती कापड: जुनी सुती साडी, धोतर, पंचा किंवा मलमल. टेरिकॉट, नायलॉन, सिंथेटिक साड्या पाणी शोषत नाहीत. जर, खडी, भरतकाम असलेला भाग कापून टाकावा. रंग जात असलेले कापडही नको. शक्यतो पांढरे किंवा फिकट कापड घ्यावे. त्याचा एक मोठा फायदा पुढे सांगितला आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. जुने कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन श्वासातून किंवा त्वचेतून गेले तर तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून डांबरगोळ्यांचा वास असलेले कापड, दुपटे किंवा झबले बाळासाठी वापरू नये, आणि बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीही ठेवू नयेत.

किती लंगोट लागतात?

नवजात बाळ दिवसातून दहा-बारा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा लघवी करते आणि पुष्कळदा प्रत्येक दुधानंतर शी करते. रोज धुणे होत असेल तर साधारण एवढे साहित्य पुरते:

• लंगोट: उन्हाळ्यात व हिवाळ्यात २० ते २४, पावसाळ्यात ३० ते ३६
• दुपटी: ८ ते १०
• अंथरुणावर घालायचे रबरी कापड: २ (त्यावर नेहमी सुती दुपटे घालावे)
• शी पुसण्यासाठी मऊ कापडाचे छोटे तुकडे: १५ ते २०
• झाकणाची बादली: १

एका पाचवारी साडीतून ५५ सेंटिमीटरचे साधारण १६ चौकोन निघतात. कडा दुमडून शिवाव्यात, म्हणजे सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा शिश्नाला आवळणार नाही. सगळे लंगोट एकाच मापाचे करू नयेत, कारण बाळ तीन-चार महिन्यांत मोठे होते.

तयार कापडी डायपर घ्यावेत का?

बाजारात बटणांचे, आतमध्ये घडी सरकवायचे कापडी डायपर मिळतात. त्यांचे बाहेरचे आवरण पाणी अडवते, त्यामुळे अंथरूण कोरडे राहते. पण बाहेरचे कोरडे दिसले तरी आतली त्वचा ओलीच असू शकते. म्हणून असा डायपर दोन-तीन तासांनी, आणि शी झाल्यास लगेच बदलावा.

पैसे बेताचे असतील तर एकदम पूर्ण संच घेऊ नये. आधी दोन-तीन घ्यावेत. मांडीला काचतात का, वाळायला किती वेळ लागतो, ते आठवडाभर पाहावे. आतली घडी सुती पंचाची चालते. मायक्रोफायबरची घडी थेट त्वचेला लावू नये, ती त्वचा कोरडी करते. नात्यातल्या बाळाचे वापरलेले डायपर मिळाले तर आवरण फाटलेले नाही ना, लवचीक पट्टी सैल नाही ना हे पाहून, गरम पाण्यात धुऊन वापरायला हरकत नाही.

लंगोट कसा बांधावा?

चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करावा. मधे तीन पदरी पट्टी घालावी. मुलासाठी पट्टी पुढच्या बाजूला थोडी जाड ठेवावी. कमरेला शिवलेले बंद असावेत. सेफ्टी पिन उघडून टोचण्याची भीती असते, ती टाळावी.

• कंबर व लंगोट यांमध्ये दोन बोटे सहज जावीत.
• नाळ पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली दुमडावा. नाळ कोरडी राहिली पाहिजे.
• बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले व फाकलेले राहू द्यावेत. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो.
• मुलीला पुसताना पुढून मागे पुसावे. मुलाच्या शिश्नावरची कातडी मागे ओढू नये.

धुण्याची पद्धत

१. शी शौचालयात टाकावी. नुसते अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्याने सहज निघते. वरचे अन्न सुरू झाल्यावर घट्ट भाग आधी काढून टाकावा. लहान बाळाच्या शीमध्येही जंतू असतात. लंगोट स्वयंपाकघरातल्या मोरीत किंवा विहिरीजवळ धुऊ नयेत.

२. लंगोट लगेच थंड पाण्यातून काढावा. गरम पाण्याने शीचा डाग पक्का बसतो. लघवीचे लंगोटही एकदा पाण्यातून काढून बादलीत टाकावेत. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, तो उग्र वास त्याचाच. बादलीला झाकण हवे. घरात रांगते मूल असेल तर बादलीत पाणी भरून ठेवू नये, थोड्या पाण्यातही मूल बुडू शकते.

३. दिवसातून एकदा साध्या धुण्याच्या पावडरीत धुवावेत. पावडर बेताचीच घ्यावी. जंतुनाशक द्रव आणि कपडे मऊ करणारी द्रव्ये घालू नयेत. त्यांनी त्वचेची आग होते आणि दुसऱ्या प्रकारच्या द्रव्यांनी कापडाचे शोषणही कमी होते.

४. फेस पूर्ण जाईपर्यंत, साधारण तीन पाण्यांतून खळबळावे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर साबणाची वडी नीट निघत नाही, तिथे पावडर बरी. तपासायला धुतलेला लंगोट स्वच्छ पाण्यात चोळून पाहावा. फेस आला तर आणखी एक पाणी द्यावे.

५. कडक उन्हात वाळवावे. जुलाब किंवा बुरशीचा चट्टा असताना सुती लंगोट उकळत्या पाण्यात भिजवून धुवावेत. पाणी अडवणारी आवरणे मात्र उकळू नयेत.

६. लंगोट बदलल्यावर आणि धुतल्यावर साबणाने हात धुवावेत.

पावसाळा आणि पाणीटंचाई

पावसाळ्यात लंगोट पंख्याखाली पसरून वाळवावेत आणि शेवटची ओल इस्त्रीने घालवावी. दमट लंगोट घालू नये, त्यात बुरशी वाढते. काही घरांत शेगडीवर टोपली पालथी घालून बाळोती शेकतात. बंद खोलीत जळता कोळसा ठेवल्याने विषारी वायू साठतो. धुरीचा धूर बाळाच्या श्वासनलिकांना त्रास देतो. हे दोन्ही टाळावे.

जिथे टँकरचे पाणी येते तिथे कमी धुऊन वेळ मारून नेऊ नये. साबण राहिलेला लंगोट त्वचेला त्रासच देतो. शेवटच्या खळबळीचे पाणी पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरता येते. तेही जमत नसेल तर त्या दिवसांपुरते तयार डायपर वापरणे योग्य.

लंगोटाचे चट्टे

ओल, शी आणि घर्षण यांमुळे लाली येते. ती फुगीर भागांवर असते, जांघेच्या घड्या बहुधा वाचतात. घड्यांमध्येही गडद लाली असेल आणि आजूबाजूला लहान लाल ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी असते. तिला डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लागते.

साध्या लालीसाठी कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे. दिवसातून तीन-चार वेळा बाळाला अर्धा तास लंगोटाशिवाय मोकळे ठेवावे. झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर लावावा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

• टाल्कम पावडर लावू नये, ती श्वासात जाते.
• बोरिक पावडर लावू नये, ती त्वचेतून शोषली जाऊन विषबाधा होते.
• दुकानातून विचारून आणलेली मिश्र मलमे लावू नयेत. त्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. लंगोटाखाली ते जास्त शोषले जाते आणि त्वचा पातळ होते.

लंगोट पाहून काय कळते?

डायपरमध्ये लघवी जेलमध्ये मुरते. पांढऱ्या लंगोटावर मात्र प्रत्येक लघवी दिसते आणि मोजता येते. बाळाला दूध पुरते का, या नेहमीच्या काळजीचे बरेचसे उत्तर इथेच मिळते. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे प्रमाण वाढत जाते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली पाहिजे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो, ते लघवीतले क्षार असतात. चौथ्या दिवसानंतरही तो दिसत असेल तर बाळाला दूध कमी पडत असण्याची शक्यता आहे. मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडे पांढरे किंवा रक्ताचे थेंब जाणे हे आईच्या संप्रेरकांमुळे असते, ते आपोआप थांबते.

शी आधी काळी-चिकट, मग हिरवट आणि चार-पाच दिवसांत पिवळी होते. महिन्यानंतर अंगावरच्या दुधावरचे बाळ कधी कधी काही दिवस शी करत नाही. शी मऊ असेल आणि बाळ खुशीत असेल तर काळजी नको.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. नवजात बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते. लंगोटावर सतत पिवळा डाग पडत असेल आणि शी पांढुरकी, खडूसारखी किंवा राखाडी होत असेल, तर यकृतातून पित्त आतड्यात उतरत नाही अशी शंका घ्यावी. बिलिअरी अट्रेशिया या आजारात पित्तनलिका बंद होतात. त्याची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. अशा बाळाचे वजन सुरुवातीला वाढत असते, म्हणून ‘कावीळ उन्हाने जाईल’ म्हणत दिवस जातात. असा लंगोट दिसला तर तो, किंवा त्याचा फोटो, घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• जन्मानंतर २४ तासांत लघवी किंवा शी झाली नाही
• पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होते, किंवा जुलाब-उलट्यांमध्ये सहा तास लघवी नाही
• पांढुरकी शी, लंगोटाला लागणारी पिवळी लघवी, किंवा १४ दिवसांनंतरही राहिलेली कावीळ
• शीमध्ये रक्त
• मुलाच्या लघवीची धार पडत नाही, सतत थेंब थेंब गळते
• चट्ट्यावर फोड, पू किंवा जखम, सोबत ताप, किंवा तीन दिवसांत फरक नाही

सुरुवात करताना आधी घरातले सुती कापड शोधावे, वीस लंगोट शिवावेत आणि धुण्याचे काम घरात वाटून घ्यावे. पैसे उरले तर ते आणखी लंगोटांवर खर्च करावेत. हाताशी कोरडे लंगोट भरपूर असले की ओला लंगोट लगेच बदलला जातो.