दीडशेच तर वाढतात

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. भिवापुरात मिरचीचे सातरे सुरू झाले होते. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ तोडायची जागा. बाहेरच्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगतो. माझा भाचा खेड्यांतून मिरची उचलून सातऱ्यांवर पोचवतो. गाडी भाड्याची. त्याला स्वतःची हवी होती. हप्ते थकले म्हणून एका फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांचा मोबाईलवर लिलाव होता. इशाच्या नमाजनंतर तो फोन घेऊन माझ्याकडे येऊन बसला. गॅरेजवाल्याने गाडी पाहून १ लाख ८० हजार किंमत सांगितली होती. त्याच्या वर जायचं नाही, असं आमचं पक्कं ठरलेलं होतं.

१ लाख ८० हजारांवर कुणीतरी पाच हजार चढवले. आम्ही गप्प बसलो. मग भाच्याने त्याच फोनवर दुसरं अ‍ॅप उघडलं. तिथे त्याच्या नावाने तीन लाखांचं कर्ज 'आधीच मंजूर' होऊन पडलं होतं. सोळा टक्के व्याज, चार वर्षं मुदत. त्याने पाच हजार वाढवून हप्ता पाहिला आणि म्हणाला, "मामू, महिन्याला दीडशेच तर वाढतात." खरं तर १४२ रुपयेच वाढत होते. मीही मान डोलावली. दीडशे रुपयांसाठी पोराचा धंदा का अडवायचा? असं करत करत गाडी २ लाख ७० हजारांना आमची झाली. अम्मीने पेढे वाटले.

हिशोब मी दुसऱ्या दिवशी केला. ठरल्या किमतीला थांबलो असतो तर हप्ता ५,१०१ रुपये बसला असता, आता ७,६५२ बसला. चार वर्षांत ३ लाख ६७ हजारांच्या वर जाणार. लिलावाची फी आणि नाव बदलण्याचा खर्च वेगळा. गाडी मात्र तीच, गॅरेजवाल्याने १ लाख ८० हजारांची सांगितलेली.

भाच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण शेजारी मी बसलो होतो. तेव्हापासून मात्र एक प्रश्न डोक्यात आहे. लिलाव आणि उधारी, या दोन्ही गोष्टी जुन्या. एकत्र आल्या की माणसाचं नेमकं काय होतं?

आमच्याकडे म्हातारी माणसं लिलावाला अजून हर्रास म्हणतात. हा शब्द अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या 'लेलांव'वरून. गंमत म्हणजे तो पोर्तुगीज शब्दही मुळात अरबी असावा, असं बरेच कोशकार मानतात. व्यापाऱ्यांनी मालाबरोबर शब्दही बंदरात उतरवले.

उधारीवर बोली चढवण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रकार घडला तो मुंबईत, आणि त्यात आपल्या भागातल्या कापसाचाही हात होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. मग इंग्रजांची नजर इकडे वळली. भिवापूरहून फार लांब नसलेल्या हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. भाव कुठल्या कुठे गेले आणि मुंबईच्या दलालांच्या हातात अचानक एवढा पैसा आला की तो ठेवायला जागा पुरेना. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचा तर ऊत आला. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी.

या कंपनीचे काही शेअर्स जाहीर लिलावात विकले गेले. मूळ शेअर पाच हजारांचा. त्यावर पंचवीस हजारांहून अधिक जादा रक्कम बोलली गेली. त्या काळचे पंचवीस हजार! पुढे बाजारात हा भाव आणखी चढला. समुद्र अजून तिथेच होता, जमीन व्हायची होती.

एवढी बोली लावणाऱ्यांकडे एवढे पैसे होते का? काहींकडे होते, बहुतेकांकडे नव्हते. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली निघालेली, सरकारचा पाठिंबा असलेली, जपून चालणारी बँक होती. कशावर कर्ज द्यायचं आणि कशावर नाही, याचे तिचे नियम कडक होते. १८६३च्या नव्या कायद्याने ते सैल केले आणि शेअर्स तारण ठेवून कर्ज द्यायची मुभा मिळाली. मग एक चाक फिरू लागलं. शेअर घ्यायचा, तो बँकेत ठेवायचा, मिळालेल्या कर्जातून दुसरा घ्यायचा. कर्जामुळे भाव चढे, आणि भाव चढला म्हणून त्याच तारणावर आणखी कर्ज मिळे. कापसाचे मोठे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत चाले. त्यांच्या भरवशावर पुरेसं तारण न घेताही कर्जं गेली, हे पुढे चौकशीत निघालं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक बारीक गोष्ट. त्या वेळी बरेच सौदे वायद्याचे होते. पैसे आज द्यायचे नव्हते, १ जुलै १८६५ला द्यायचे होते. आज फक्त बोली लावायची. जुलै लांब होता. भाच्याच्या फोनवरच्या ४८ महिन्यांसारखाच.

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. जुलैचा तो दिवस उजाडला तेव्हा देणं सगळ्यांना होतं आणि घ्यायला कुणी पुढे येईना. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळी २,८५० रुपयांना गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ही जुनी बँक गुंडाळावी लागली. प्रेमचंद स्वतःही बुडाले. त्यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर मात्र पुढे उभा राहिला, १८७८ साली.

बुडालेल्यांत एक पंचविशीतला तरुण होता. बापाच्या पेढीच्या वतीने बँक काढायला तो लंडनला गेला होता आणि सोबत नेलेले कागद तिथे पोचेपर्यंत रद्दी झाले. त्याचं नाव जमशेटजी टाटा. त्यानेच पुढे १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आमच्या भागातल्या किती घरांच्या चुली त्या गिरणीवर पेटल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुंबईत शेअर्सची राख झाली, इकडे वऱ्हाड-नागपुरात काय झालं? इथे लिलाव जमिनीचे झाले. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत मध्य प्रांतातल्या मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. मालकी मिळाली म्हणजे गाव गहाण ठेवता येऊ लागलं. कापूस तेजीत असताना सावकाराचा हात सैल होता. कर्ज मिळतंय म्हणून लग्नं मोठी झाली, बैलजोड्या वाढल्या. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली, म्हणजे भाव उतरल्यावर. पुढच्या काळात कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जमिनींचे, गावांच्या हिश्श्यांचे लिलाव होत राहिले. तिथे बोली लावायला उभा असे तो बहुधा सावकारच. दुसऱ्या कुणाकडे पैसा नव्हता, त्यामुळे मोलाची जमीन मातीमोलाने जाई. १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला, तो या सगळ्याच्या शेवटी.

दख्खनमध्ये हेच प्रकरण लवकर पेटलं. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे काढून जाळले. त्यावर आलेल्या १८७९च्या कायद्यात एक शहाणपणाचं कलम होतं. शेतकऱ्याने जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही, ती साध्या कर्जाच्या वसुलीसाठी लिलावात काढता येणार नाही. कर्ज द्या, पण माणसाचं सगळं घरदार हातोड्याखाली आणू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणजे उधारी लिलावात दोन्ही दारांनी शिरते. एका दाराने ती माल आणते, कारण कुणाचे तरी हप्ते थकलेले असतात. दुसऱ्या दाराने गिऱ्हाईक आणते, ज्याचे हप्ते अजून सुरू व्हायचे असतात. आमच्या गाडीचंही तेच झालं होतं.

आता आमच्या काही मित्रांना इथे लगेच व्याजाचा मुद्दा आठवेल. तो मुद्दा आहेच, मी टाळत नाही. पण सगळा दोष व्याजावर टाकून मोकळं होता येत नाही. व्याज शून्य धरा. पाच हजारांचे ४८ भाग केले तर महिन्याला १०४ रुपये होतात. भाचा तेव्हाही म्हणाला असता, "शंभरच तर वाढतात." अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं लिलावाला ठेवली होती. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यावे लागतील. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डाने द्या. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. २००१ साली हा अभ्यास छापून आला. तिकीट तेच, सामना तोच. फक्त पैसे देण्याची वेळ नजरेआड गेली.

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात लिलावाचा एक प्रसंग आहे. एक अन्सारी मदत मागायला आला. प्रेषितांनी (स.) विचारलं, घरात काही आहे का? एक जाडंभरडं कापड, अर्धं पांघरायचं अर्धं अंथरायचं, आणि पाणी प्यायचा एक वाडगा. प्रेषितांनी दोन्ही वस्तू हातात घेऊन त्यांचा लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम म्हटलं. आणखी कोण देतो, असं विचारल्यावर दुसऱ्याने दोन सांगितले आणि वस्तू त्याला मिळाल्या. एका दिरहमचं घरी अन्न गेलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. कुऱ्हाडीने तो लाकडं तोडू लागला आणि पंधरा दिवसांनी दहा दिरहम कमावून परत आला.

हा प्रसंग लहानपणापासून मेहनतीची महती म्हणून ऐकत आलो. आता वाचताना वेगळंच दिसतं. बोली दोन दिरहमवर थांबली, कारण घेणाऱ्याने ते तिथेच मोजून दिले. खोटी बोली लावून भाव चढवणं, ज्याला 'नजश' म्हणतात, त्यालाही मनाई आहे. उधारीला मात्र सरसकट मनाई नाही. प्रेषितांनी स्वतः चिलखत गहाण ठेवून धान्य उधार घेतल्याचं बुखारीत आहे. पण ती उधारी घरच्या धान्यासाठी होती आणि समोर दुसरा कुणी भाव चढवत नव्हता.

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. येताना उमरेडच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा भाच्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत आधीच्या मालकाच्या पावत्या होत्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. अकरा हप्ते भरले होते त्याने. भाच्याने त्या दोनदा मोजल्या आणि परत आत ठेवल्या. त्याचे स्वतःचे आतापर्यंत सात भरून झालेत. पावत्या अजून त्याच कप्प्यात आहेत.