पांगाऱ्यावरील गाठकरी गांधीलमाशी

(शास्त्रीय नाव : क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी, कुल : युलोफिडी). पांगारा व एरिथ्रिना प्रजातीतील इतर झाडांवर गाठी उठवणारी, जेमतेम दीड मिमी. लांबीची गांधीलमाशी. मादी गडद तपकिरी, नर लहान व फिकट. सिंगापूर, मॉरिशस व रीयुनियन येथील नमुन्यांवरून २००४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. मूळ स्थान पूर्व आफ्रिका मानतात. समुद्रापार ती कशी गेली, याविषयी तर्कच आहेत. रोपे व फांद्यांच्या वाहतुकीवर अधिक संशय आहे.

उपद्रव : मादी कोवळी पाने, देठ व शेंडे यांत अंडी घालते. तो भाग सुजतो, मुरडतो. गाठ कापली की इवल्या कप्प्यांत एकेक पांढरी, बिनपायांची अळी दिसते. सुमारे तीन आठवड्यांत माशी बारीक गोल छिद्र पाडून बाहेर पडते आणि पुढच्या पालवीवर बसते. पालवी फुटते तशी बाधित होत राहिल्याने झाड खंगते. मोठी झाडेही मरतात.

हवाई बेटे : सर्वांत सविस्तर नोंदी येथील आहेत. एप्रिल २००५ मध्ये ओआहू बेटावर कीड आढळली आणि काही महिन्यांतच इतर प्रमुख बेटांवर पोचली. रस्त्याकडेचे व वारारोधक म्हणून लावलेले पांगारे तोडावे लागले. कोरड्या रानातला विलिविली हा केवळ हवाईतच आढळणारा पांगाऱ्याचा भाऊबंदही संकटात आला. खोडात कीटकनाशक टोचून निवडक झाडे वाचवता आली. रानभर ते शक्य नव्हते. अखेर टांझानियातून युरिटोमा एरिथ्रिनी ही परोपजीवी गांधीलमाशी आणली गेली. ती इतर कीटकांवर जगत नाही ना, याच्या चाचण्या झाल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये तिला सोडण्यात आले. तिची अळी गाठीतले कप्पे पोखरत एकापाठोपाठ एक अळ्या फस्त करते. पानांवरील गाठी झपाट्याने घटल्या, विलिविलीला पुन्हा पालवी आली. फुले व शेंगांवरील उपद्रव मात्र पुरता थांबला नाही. तरीही परक्या किडीविरुद्धच्या जैविक नियंत्रणाचे हे ठळक यश होय.

भारत : पहिली नोंद केरळ, २००५. तेथे मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवतात. त्यामुळे झाडाबरोबर वेलाचा आधारही गेला.

महाराष्ट्र : येथेही पांगारा कुंपणाला व पानमळ्यात आधाराला लावतात, म्हणून पुढील दक्षता येथेही घ्यावी.

दक्षता : पांगारा फांदीपासून सहज लागतो, हेच किडीच्या पथ्यावर पडते. लागवडीसाठी फांदी नेण्यापूर्वी तिचे शेंडे व देठ तपासावेत; गाठी दिसल्यास फांदी गावाबाहेर न नेता तेथेच जाळावी.