अवसादरोधी औषधे : बदल व विराम

अवसाद (विषण्णता) या मनोविकारावरील औषध दीर्घकाळ घेतल्यानंतर ते बंद करताना, त्याची मात्रा कमी करताना किंवा त्याऐवजी दुसरे औषध सुरू करताना काही रुग्णांत जी शारीरिक व मानसिक लक्षणे उद्भवतात, त्यांना विरामलक्षणे म्हणतात. चक्कर, मळमळ, घाम, निद्रानाश, विचित्र व ठळक स्वप्ने, चिडचिड, अस्वस्थता, अकारण रडू येणे आणि डोक्यात क्षणभर विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना ही त्यांपैकी प्रमुख होत. ही लक्षणे औषधांच्या पहिल्या पिढीतच नोंदली गेली होती. तथापि त्यांना वैद्यकाच्या व्यवहारात योग्य स्थान मिळण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. या विलंबाची किंमत मुख्यत्वे रुग्णांना मोजावी लागली. औषध सोडताना होणारा त्रास म्हणजे जुना आजारच उलटला, असे समजून अनेकांना पुन्हा वर्षानुवर्षे औषध देण्यात आले. इतर अनेकांच्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या.

या इतिहासाचा एक आरंभबिंदू मुंबईत सापडतो. के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या रक्तदाबावरील परिणामासंबंधीचा आपला निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हृद्रोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या वनस्पतीचे शामक गुण वर्णिले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते वकील यांच्या निबंधाने. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत सर्पगंधेपासून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्या संशोधकांत विभागून देण्यात आला, त्यांत वकील यांचा समावेश होता. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणारे काही रुग्ण विषण्ण होतात, असे डॉक्टरांना पुढे आढळले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनाचा साठा रिता करते, असे अमेरिकेत बर्नर्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखविले. मेंदूतील रासायनिक वाहकांची उणीव म्हणजे अवसाद, ही कल्पना या दोन निरीक्षणांच्या संयोगातून पुढे रूढ झाली. ती अपुरी आहे, असे आता बहुतेक तज्ञ मानतात, आणि रेसर्पिनाने खरोखर किती जणांना अवसाद होत असे याविषयीही नंतर शंका घेतली गेली. मात्र या कल्पनेचा एक व्यावहारिक परिणाम टिकून राहिला : उणीव भरून काढणारे औषध थांबविल्यास फार तर उणीव परत येईल, वेगळे काही होणार नाही, असा समज त्यामुळे दृढ झाला.

वस्तुस्थिती निराळी होती. स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांट कून यांनी इमिप्रामीन या द्रव्याचा अवसादावरील गुण ओळखून १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, औषध थांबविल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणांच्या पहिल्या नोंदी आल्या. न्यूयॉर्कमधील क्रेमर, क्लाइन व फिंक यांनी १९६१ मध्ये याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. मळमळ, डोकेदुखी, थंडी वाजणे, अस्वस्थता ही लक्षणे त्यांनी वर्णिली आणि औषध हळूहळू कमी करावे असे सुचविले. त्यांचा हा सल्ला साधा व अचूक होता. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही.

या सुमारास ठाणे येथील मनोरुग्णालयास सु. साठ वर्षे झाली होती. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे हे रुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले; येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक होय. त्याच्यावर दीर्घकाळ १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्याची छाया होती. दाखल करणे व सोडणे या गोष्टी वैद्यकीय असण्यापेक्षा न्यायालयीनच अधिक होत्या. मुंबई परिसराच्या बोलभाषेत ‘ठाण्याला पाठविणे’ हा शब्दप्रयोग वेडाच्या अर्थाने रूढ झाला, यावरून या संस्थेविषयीच्या लोकभावनेची कल्पना येते. अवसादाचा सामान्य रुग्ण तेथे जाण्यास कचरे. तो सर्वसाधारण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात जाई. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी असा विभाग १९३८ मध्ये सुरू केला होता. रुग्णालयाच्या भिंतींआड असलेल्या रुग्णाचे औषध बंद केल्यास त्याचे परिणाम परिचारिकेच्या नजरेस पडतात. बाह्यरुग्णाच्या बाबतीत तसे घडत नाही. तो औषध घरी थांबवितो, लक्षणे घरीच भोगतो, आणि बरे वाटेनासे झाल्याखेरीज परत येत नाही. या औषधांचा इतिहास प्रामुख्याने बाह्यरुग्णांचा असल्याने विरामलक्षणे नोंदवह्यांतून निसटली, यात फारसे नवल नाही.

इमिप्रामीन व ॲमिट्रिप्टिलीन यांसारख्या त्रिचक्रीय औषधांचा वापर पुढील तीन दशके होत राहिला. या गटात मुंबईची स्वतःची भरही आहे. सिबा कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये गोरेगाव येथे सुरू झाले. तेथे तयार झालेले नायट्रॉक्सॅझेपीन हे त्रिचक्रीय औषध १९८२ मध्ये ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले. भारतीय प्रयोगशाळेत जन्मून रुग्णापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या अवसादरोधी औषधांत त्याची गणना होते. त्रिचक्रीय औषधे ॲसिटिलकोलीन या वाहकाची क्रियाही दडपतात. ती एकाएकी थांबविली की दडपलेली क्रिया उसळून वर येते. मळमळ, अतिसार व घाम ही लक्षणे बव्हंशी त्यामुळे होतात.

फ्लुओक्झेटिनास अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि सेरोटोनिनाचे पुनर्ग्रहण निवडकपणे रोखणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. ती त्रिचक्रीय औषधांपेक्षा अतिमात्रेत कमी घातक असल्याने सामान्य वैद्यही निर्धास्तपणे लिहून देऊ लागले. १९९० नंतरच्या दशकात पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन घेणाऱ्यांकडून विरामलक्षणांच्या तक्रारी मोठ्या संख्येने येऊ लागल्या. फ्लुओक्झेटीन व त्याचे क्रियाशील उपद्रव्य शरीरातून जाण्यास काही आठवडे लागतात, पॅरॉक्सेटीन सु. एका दिवसात निम्मे होते आणि व्हेन्लाफॅक्सीन काही तासांतच. त्यामुळे शेवटच्या दोन औषधांची एखादी मात्रा चुकली तरी काहींना ते जाणवते. १९९६ मध्ये फ्लुओक्झेटिनाच्या उत्पादक कंपनीच्या साहाय्याने भरलेल्या तज्ञांच्या बैठकीनंतर ‘विथड्रॉअल’ या जुन्या शब्दाऐवजी ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ ही संज्ञा प्रचारात आली. पहिला शब्द अफू व मद्य यांची आठवण करून देणारा होता, दुसरा निरुपद्रवी वाटणारा. संज्ञाबदलामागे व्यापारी हित नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

मराठीत हा घोटाळा ‘सवय’ या एका शब्दात साठलेला आहे. ‘या गोळ्यांची सवय तर लागणार नाही ना ?’ असे रुग्णाचे आप्त विचारतात आणि ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. सवय म्हणजे व्यसन असा अर्थ घेतल्यास हे उत्तर बरोबर आहे : या औषधांची हाव सुटत नाही, नशा चढत नाही, मात्रा वाढवीत नेण्याची ओढ लागत नाही. परंतु औषध अंगवळणी पडणे ही वेगळी गोष्ट आहे. महिनोन्‌महिने घेतलेल्या औषधाशी मज्जापेशींचे ग्राही जुळवून घेतात, आणि ते काढून घेतल्यावर त्यांना पूर्ववत होण्यास वेळ लागतो. या दुसऱ्या अर्थाने उत्तर चुकीचे ठरते. त्रास सुरू झाल्यावर आपली फसवणूक झाली असे रुग्णास वाटते, आणि त्याचा अविश्वास औषधावरून वैद्याकडे वळतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली पट्ट्यात या प्रश्नास काही स्थानिक वैशिष्ट्ये प्राप्त झाली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे सु. १८ लक्ष व सु. १२ लक्ष होती. ही नगरे रेल्वेमार्गावर वाढलेली आहेत. नोकरी मुंबईत, घर उपनगरात, आणि उपचार यांपैकी सोयीच्या ठिकाणी, असा येथील अनेकांचा क्रम असतो. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मनोरुग्णालयाच्या बाहेर उपचाराची एक वाट उघडली. औषधांची उपलब्धताही वाढली. १९७० च्या एकस्व कायद्याने औषधद्रव्याला नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला एकस्व दिले जाई. द्रव्याचे एकस्व २००५ पासून मिळू लागले. मधल्या काळात एकाच द्रव्याच्या अनेक नाममुद्रा बाजारात आल्या व किमती उतरल्या. स्वस्त औषध ही रुग्णाची मोठी सोय होय. परंतु नाममुद्रा बदलली की औषध बदलले असे समजून ते सोडणारे, तसेच नावातील साम्यामुळे भलतेच औषध घेणारे रुग्णही आढळतात. त्याहून गंभीर बाब संयुक्त गोळ्यांची आहे. एस्सिटालोप्रॅम व क्लोनाझेपॅम एकत्र असलेली गोळी भारतात सर्रास दिली जाते. ती थांबविणारा रुग्ण नकळत दोन औषधे एकाच दिवशी थांबवितो, आणि क्लोनाझेपॅम अकस्मात सोडल्यास आकडीही येऊ शकते.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून कोरोना साथीमुळे मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा बंद झाली. ती जूनच्या मध्यापासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्वसाधारण प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली. ज्यांचे वैद्य खाडीपलीकडे मुंबईत होते, त्यांच्यापुढे औषधचिठ्ठी नवी कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. ही औषधे अनुसूची ‘एच’ मध्ये असल्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्याने दूरध्वनीवरील सल्ल्यास प्रथमच निश्चित चौकट मिळाली.

विरामलक्षणे व आजाराचा पुनरुद्भव यांतील भेद बव्हंशी काळावरून ओळखता येतो. विरामलक्षणे सामान्यतः काही दिवसांतच सुरू होतात, त्यांत चक्कर व विद्युत्‌झटक्यांसारखी अवसादात सहसा न दिसणारी लक्षणे असतात, आणि औषध पुन्हा दिल्यास ती लवकर शमतात. पुनरुद्भव बहुधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू होतो. अर्थात काहींत विरामलक्षणेही महिनोन्‌महिने रेंगाळतात व निदान अवघड करतात. औषधबदल करताना जुने कमी करीत नवे वाढवीत नेण्याची पद्धत सर्वसाधारणपणे वापरली जाते. मात्र मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधी औषधांच्या बाबतीत ती वर्ज्य आहे. सेरोटोनिनाचा घातक अतिरेक टाळण्यासाठी मध्ये सु. दोन आठवडे, आणि आधीचे औषध फ्लुओक्झेटीन असल्यास पाच आठवडे, मोकळे ठेवावे लागतात.

मात्रा कशी घटवावी याचा शास्त्रीय खुलासा मार्क हॉरोविट्स व डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये केला. सिटालोप्रॅमची २० मिग्रॅ. मात्रा सेरोटोनिनवाहक प्रथिनाचा सु. ८० टक्के भाग व्यापते. ती ५ मिग्रॅ.च्या आसपास आणली तरी सु. ६० टक्के व्याप्त राहतोच. म्हणजे वरचे तीन चतुर्थांश औषध काढूनही मेंदूस थोडाच फरक जाणवतो, आणि खरा उतार शेवटच्या लहानशा गोळीनंतर लागतो. गोळी निम्मी, मग पाव, मग बंद, हा रूढ क्रम अनेकांना शेवटी का भोवतो, ते यावरून स्पष्ट होते. इंग्लंडमधील मानसोपचारतज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलून काहींत ही लक्षणे तीव्र व दीर्घ असू शकतात हे मान्य केले.

लक्षणांच्या प्रमाणाविषयी मतभेद आहेत. २०१९ मधील एका समीक्षेने निम्म्याहून अधिक रुग्णांना त्रास होतो असे म्हटले. २०२४ मधील अधिक काटेकोर समीक्षेत औषध थांबविणाऱ्यांपैकी सु. ३१ टक्के व निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांपैकी सु. १७ टक्के लोकांनी लक्षणे सांगितली. तीव्र लक्षणे सु. ३ टक्क्यांत होती. मात्र त्यांतील बहुतेक चाचण्यांत औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेले होते. दहा वर्षे गोळी घेणाऱ्यास ते आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसऱ्या बाजूस, २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या वाटणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध थांबविले, त्यांतील ५६ टक्क्यांना वर्षभरात अवसाद पुन्हा झाला. ज्यांनी ते चालू ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकीही दर पाचांतील दोघांना आजार उलटला, आणि थांबविणाऱ्यांपैकी बरेचजण त्याशिवाय बरे राहिले.

अतिशय लहान मात्रेसाठी द्रवरूप औषध सोयीचे असते. गोळीचे तुकडे करून ती अचूक साधत नाही, आणि औषध सावकाश सोडणारी व्हेन्लाफॅक्सिनाची संपुटे चुरडून घेणे धोक्याचे असते. एस्सिटालोप्रॅमची नेहमी मिळणारी सर्वांत लहान गोळी ५ मिग्रॅ.ची असल्याने अखेरचा टप्पा दिवसांऐवजी महिन्यांत मोजून, वैद्याच्या देखरेखीखाली पार करावा लागतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी मराठीतूनही सल्ल्यासाठी उपलब्ध आहे.