उरलेले चार महिने कशासाठी?

क्षयाच्या गोळ्या दोन महिने झाल्या की पेशंट बेडका द्यायला यायचा. स्लाइडवर कार्बॉल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत तापवायचं, ॲसिडने धुवायचं, वर मिथिलीन ब्लू. निळ्यात लाल काड्या दिसल्या नाहीत की मी ‘निगेटिव्ह’ लिहायची. लगेच प्रश्न यायचा, “बाई, जंतू गेले ना? मग अजून चार महिने गोळ्या कशाला?” लघवी लाल होते, पोटात ढवळतं, हेलपाट्यात रोज बुडतो. विचारणारच की!

त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या उंदरांकडे होतं. कॉर्नेलमध्ये वॉल्श मॅकडरमॉट आणि रॉबर्ट मॅक्यून यांनी 1950च्या दशकात क्षयाचे जंतू टोचलेल्या उंदरांना तीन महिने आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड दिलं. मग फुप्फुस, प्लीहा वाटून कल्चर लावलं, तर एकही जंतू उगवेना. औषध बंद करून आणखी तीन महिने वाट पाहिली, तेव्हा सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या उंदरांत जंतू पुन्हा हजर! गंमत म्हणजे ते औषधाला निर्ढावलेले नव्हते, त्याच गोळ्यांनी अजूनही मरत होते. मधल्या काळात वाढायचे थांबले होते, एवढंच. आयसोनियाझिड जंतूची नवी भिंत उभी राहू देत नाही. ज्याने बांधकामच बंद ठेवलंय, त्याचं ते काय बिघडवणार?

आपल्याकडे 1956 साली मद्रासला वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली चाचणी सुरू झाली. घरी राहून औषध घेणाऱ्यालाही सॅनेटोरियमइतकाच गुण येतो, हे 1959 साली छापून आलं. खाटेची सक्ती सुटली, गोळ्यांची नाही. पुढे कितीतरी वर्षं कोर्स वर्ष-दीड वर्षाचाच होता, आणि तो अर्ध्यात सोडणारे सगळेच आळशी होते असं मी कधी मानलं नाही.

मुदत उतरली ती रिफाम्पिसिनमुळे. झोपलेला जंतू थोडा वेळ जागा झाला तरी तेवढ्यात हे औषध त्याला गाठतं, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेनी मिचिसन यांचं म्हणणं. जोडीला पायराझिनामाइड, जे आम्लात दबून बसलेल्यांवर चालतं. 1970च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांत सहा महिने पुरले. त्यानंतर 2021 साली रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा कोर्स त्याच्या बरोबरीला आला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांत दोन महिने वाचले.