किलोमीटरचं भाडं, जागेचा खर्च

युसूफ वडगावात कुणी 'गाडी केली' असं म्हणालं, तर त्याने गाडी विकत घेतली असं कुणाला वाटत नाही. चालकासकट गाडी एका कामापुरती, जाऊन-येऊन भाड्याने ठरवली, एवढाच त्याचा अर्थ. हीच स्पेशल गाडी. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं हे गाव केज, कळंब आणि अंबाजोगाई यांच्या मधल्या टापूत येतं. बाजार, तहसील, बँक या कामांना एसटी आहे, जीप आहे. पण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून 'पुण्याला हलवा' असं सांगितलं गेलं, की त्याच घडीला फोन लागतो तो गाडीवाल्याला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात रेल्वे आली, पण ती अहिल्यानगरच्या अंगाने. जिल्ह्याच्या या टोकाला राहणाऱ्या आजारी माणसाच्या हाती आजही स्पेशल गाडीच आहे.

आधी संज्ञा नीट करून घेऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहतुकीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात वाहन ठरलेल्या मार्गाने जातं, टप्प्याटप्प्यावर माणसं चढतात-उतरतात आणि प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेतलं जातं. एसटी या प्रकारात येते. दुसऱ्यात अख्खं वाहन एका कराराने, ठरलेल्या रकमेत दिलं जातं आणि वाटेत परकं शीट घेता येत नाही. आपली स्पेशल गाडी ही दुसऱ्या प्रकारची. म्हणजे ती करार आहे, भले तो फोनवरच्या चार वाक्यांत होत असेल. करार म्हटला की पाहायचं ते एवढंच: यात कुणी काय विकलं, कुणी काय घेतलं आणि जोखीम कुणाच्या अंगावर राहिली.

भाड्याची रीत सगळ्यांना पाठ असते. दर किलोमीटरला अमुक रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायचे, चालकाचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग गिऱ्हाईकाकडे. मोजणी मालकाच्या दारापासून मालकाच्या दारापर्यंत. एकाच बाजूचं भाडं मागितलं की मालक नाराज होतो, त्याचं कारण साधं आहे. पुण्यात माणूस उतरवून दिल्यावर गाडीला युसूफ वडगावकडे परत यायचंच असतं, आणि या बाजूला येणारं परतीचं गिऱ्हाईक त्याच दिवशी, त्याच वेळी मिळेल याचा भरवसा नसतो. मुंबई-पुण्यासारख्या दोन्हीकडून भरलेल्या रस्त्यावर एका बाजूचं भाडं परवडतं. आपल्या वाटेवर रिकामी परत आलेली खेप आपल्याच माथी बसते. हा खेड्यात राहण्याचा छुपा कर आहे, असं मी मानतो.

आता एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, दर हंगामाप्रमाणे हलतात. कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी आणि पुढे सोलापूर महामार्गाने पुणे, हे अंतर अदमासे २९० किलोमीटर. जाऊन-येऊन ५८० झाले. दर १४ रुपये धरला तर ८,१२० रुपये, वर ४०० भत्ता. गाडी लिटरला १३ किलोमीटर देत असेल तर साधारण ४५ लिटर डिझेल लागेल, म्हणजे चार हजारांच्या पुढे रक्कम तिथेच गेली. उरलेल्यातून हप्ता, विमा, टायर, पासिंग, परमिट, आणि चालक ठेवलेला असेल तर त्याचा पगार. मालक लुटतो ही आपल्याकडची कायमची तक्रार या हिशेबासमोर टिकत नाही.

पण याच हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष जातं. पुण्यात मुक्काम केला तर दोन दिवस होतात. दोन दिवसांचे किमान किलोमीटर ६००. आपले ५८० तर आधीच होणार आहेत. वाढले फक्त २०, म्हणजे २८० रुपये. त्यात दुसऱ्या दिवसाचा भत्ता ४००. गाडीचा मुक्काम पडला ६८० रुपयांना. मुंबईला गेलात तर जाऊन-येऊन किलोमीटर ६०० च्या पुढेच जातात, तिथे वाढतो तो फक्त भत्ता. सोलापूरचं गणित उलटं आहे. ते अंतर पुण्याच्या निम्म्याहून कमी, एका दिवसाच्या ३०० किलोमीटरमध्ये बसणारं. तिथे मुक्काम केला तर भाडं दुप्पट होतं. थोडक्यात, एका बाजूचं अंतर जसजसं ३०० च्या जवळ जातं, तसतसा दुसरा दिवस भाड्यात जवळपास फुकट मिळतो.

तरीही पुण्याला गेलेला जवळपास प्रत्येकजण त्याच रात्री परततो. घरी जनावरं असतात, शाळेची पोरं असतात, शहरात रात्र काढायची धास्ती असते, आणि लॉजचा खर्च गाडीच्या खर्चाहून जड वाटतो. कारणं खोटी नाहीत. पण या घाईची किंमत कोण भरतो ते पाहा.

वडिलांना पुण्याला न्यायचं होतं तेव्हा मी फोन केला. "भाऊ, रात्री दोनला निघू. नऊच्या आत नंबर लागला पाहिजे." पलीकडून उत्तर आलं, "निघू की दादा, काळजी करू नका." तो त्या संध्याकाळी कुठून आला, जेवला कधी, पाठ टेकली का, यातलं मी काही विचारलं नाही. कुर्डूवाडी सोडल्यावर त्याने काच खाली केली. डिसेंबरची थंडी होती, मागे वडील कण्हत होते, आणि तो वारा तोंडावर घेत होता. थोड्या वेळाने गाणं मोठं केलं. मग बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांवर मारलं, एका हाताने, गाडी न थांबवता. तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशीचं लग्नाचं भाडं उरकून तो रात्री अकराला घरी आला होता. मालकाने दोन खेपा एकमेकींना चिकटवल्या होत्या, आणि मी दोनची वेळ देऊन तिसरी गाठ मारली होती.

किलोमीटरवर ठरलेल्या भाड्यात चालकाची जाग कुठेच मोजली जात नाही. दोनला निघून आठला पोचणं आणि दुपारी तीनला निघून रात्री दहाच्या सुमाराला घरी येणं म्हणजे बारा-तेरा तास स्टीअरिंग. मधल्या वेळात तो दवाखान्याच्या आवारात झोपतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दर तासाला कुणीतरी गाडी पुढे घ्यायला सांगतं, नाहीतर आपणच फाईल मागायला जातो. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास सांगायचा, लांब पल्ल्याला मंजुरीने फार तर दहा, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम वाहतूक वाहनावर कामाला ठेवलेल्या चालकाला हेच तास लावायचं. गाव-खेड्यात असे तास मोजायला कुणी येत नाही. शरीर मात्र मोजतं: रात्री दोन ते सकाळी सहा आणि दुपारी जेवणानंतर झोप माणसाला सर्वांत जास्त ओढते. आपली पुण्याची खेप नेमकी या दोन्ही वेळांवर बेतलेली असते.

नंबरपाटीचा विषय थोडक्यात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची. गावात ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते. तिच्याकडे परमिट नसतं, आणि तिच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि जबाबात 'गाडी भाड्याने केली होती' एवढं एक वाक्य आलं, की विमा कंपनी त्याच वाक्यावर भांडते आणि जखमी माणसाची वर्षं न्यायाधिकरणात जातात. परमिटशिवाय वाहन चालवल्याचा दंड १०,००० रुपये आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण खरा धोका विम्याचा. अंबाजोगाईच्या एमएच-४४ ची असो की बीडच्या एमएच-२३ ची, गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विम्याची आणि फिटनेसची तारीख दिसते. दोन मिनिटांचं काम आहे.

मालकाशी बोलताना दर शेवटी विचारावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आधी विचारायचं ते हे: आदल्या दिवशी ही गाडी कुठे आहे, चालक तोच आहे का, आणि तो किती वाजता घरी येणार आहे. लग्नसराईत मालकाला हे प्रश्न आवडत नाहीत, कारण त्याचा सगळा नफा खेपेला खेप जोडण्यात असतो. त्याला दुसऱ्या दिवसाचे किमान किलोमीटर आपणहून कबूल करा; त्याचंही नुकसान होत नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही आदल्या दिवशी सकाळी दहाला निघालो. बार्शीत जेवलो, भिगवणला चहा घेतला, दिवस असताना पुण्यात पोचलो. चालकासाठी आमच्याच खोलीत एक गादी जास्त टाकायला सांगितली. आधी तो गाडीतच झोपतो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात एमएच-२४, एमएच-२५, एमएच-४४ च्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. दारं उघडी, सीट मागे पाडलेली, खिडकीतून बाहेर आलेले पाय. आमचा चालक तेवढा उभा होता, ओल्या फडक्याने समोरची काच पुसत.