ब्रूस लीवरील शोषक चरित्रपट

ब्रूस लीवरील शोषक चरित्रपट : हाँगकाँगच्या चित्रपटांतून जगभर पोहोचलेला अभिनेता व मार्शल आर्ट्सचा शिक्षक ब्रूस ली (२७ नोव्हेंबर १९४०–२० जुलै १९७३) याच्या अकाली मृत्यूनंतर त्याचे आयुष्य, त्याचे खासगी संबंध आणि त्याचे मरण यांवर घाईघाईने काढण्यात आलेले चित्रपट. गाजलेल्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या प्रसिद्धीवर कमी खर्चात कमाई करणाऱ्या चित्रपटांना शोषणपट म्हणतात. ब्रूस लीच्या नावावर हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरिया येथे निघालेल्या अशा सर्व चित्रपटांसाठी ‘ब्रूसप्लॉयटेशन’ ही संज्ञा रूढ असून चरित्रपट ही त्यांतील एक शाखा आहे. तोतया नट काल्पनिक कथेत लढतो तेव्हा प्रेक्षकाची फसवणूक पोस्टरपुरती असते. चरित्रपटात मात्र रचलेले प्रसंग सत्यकथा म्हणून विकले जातात आणि ते खोडून काढायला तो माणूस हयात नसतो, त्यामुळे या शाखेचा दोष अधिक गंभीर मानला पाहिजे.

ब्रूस लीने प्रौढ वयात नायक म्हणून चारच चित्रपट पूर्ण केले होते : ‘द बिग बॉस’ (१९७१), ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२), ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) आणि त्याच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच प्रदर्शित झालेला ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३). प्रेक्षक जगभर तयार झाला होता, पण त्याला दाखवायला नवे काही उरले नव्हते. मृत्यूभोवतीच्या संदिग्धतेने या मागणीत भर घातली. ‘गोल्डन हार्वेस्ट’ या निर्मितीसंस्थेने प्रारंभी तो आपल्या घरी कोसळल्याचे भासवले. प्रत्यक्षात तो अभिनेत्री बेटी टिंग पे हिच्या सदनिकेत बेशुद्धावस्थेत सापडला होता आणि हे वृत्तपत्रांनी उघड करताच अफवांना ऊत आला. सप्टेंबर १९७३ मध्ये कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, झालेल्या सुनावणीत मेंदूला आलेली सूज हे मृत्यूचे कारण नोंदले गेले, डोकेदुखीवर घेतलेल्या ‘एक्वाजेसिक’ या वेदनाशामक गोळीची तीव्र प्रतिक्रिया हे तिचे संभाव्य मूळ सांगण्यात आले आणि मृत्यू अपघाती ठरला. मे महिन्यात ध्वनिमुद्रण चालू असताना तो असाच कोसळला होता व तेव्हाही मेंदूला सूज आढळली होती, त्यामुळे हा निष्कर्ष निराधार नव्हता. तथापि विषप्रयोग, गुन्हेगारी टोळ्या आणि शाप यांच्या कथा तिकीटखिडकीवर अधिक चालणाऱ्या होत्या.

या प्रकारातील पहिले चरित्रपट १९७४ पासून येऊ लागले आणि त्यांत ब्रूस लीची भूमिका बहुधा हो चुंग-ताओ या तैवानी नटाकडे असे. त्याला दिलेले पडद्यावरचे नाव रोमन लिपीत मूळ नावाहून केवळ स्पेलिंगने वेगळे आहे आणि देवनागरीत तर दोन्ही नावे सारखीच होतात; म्हणून या नोंदीत त्याचे स्वतःचे नाव वापरले आहे. उंग सी-युएन दिग्दर्शित ‘ब्रूस ली : द मॅन, द मिथ’ (१९७६) हा त्याचा चित्रपट या सर्वांत नीटनेटका समजला जातो. तरीही शेवटाकडे येताच तो मृत्यूविषयीचे परस्परविरोधी तर्क एकापाठोपाठ पडद्यावर मांडतो आणि नायक जिवंत असून १९८३ मध्ये परतेल, अशी शक्यताही सुचवतो. चौकशीचा निष्कर्ष उपलब्ध असताना अफवांना त्याच्या बरोबरीचे स्थान देण्याची ही पद्धत पुढे या प्रकाराची खूणच बनली.

सर्वांत क्लेशदायक उदाहरण ‘शॉ ब्रदर्स’च्या ‘ब्रूस ली अँड आय’ (१९७६) या चित्रपटाचे आहे. याच संस्थेने पूर्वी देऊ केलेल्या अटी कमी प्रतीच्या वाटल्याने ब्रूस लीने त्या नाकारल्या होत्या आणि तो गोल्डन हार्वेस्टकडे गेला होता. त्याच्या मृत्यूनंतर तिने बेटी टिंग पे हिलाच तिच्या स्वतःच्या भूमिकेत उभे केले आणि डॅनी ली या नटाला ब्रूस ली बनवून त्यांच्या संबंधांचे शय्यादृश्यांसह चित्रण केले. वृत्तपत्रांनी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या या अभिनेत्रीला आपली बाजू मांडण्याची संधी म्हणून हा चित्रपट दाखवता येत असला, तरी ज्या कुतूहलाने तिला छळले त्याच कुतूहलाची तिकिटे त्यात विकली गेली. इथे मृताबरोबर जिवंत व्यक्तीचेही शोषण झाले.

नामांकित संस्थाही यापासून दूर राहिल्या नाहीत. ब्रूस लीने अपूर्ण ठेवलेला ‘गेम ऑफ डेथ’ गोल्डन हार्वेस्टने रॉबर्ट क्लाउझच्या दिग्दर्शनाखाली तोतया नटांकडून पूर्ण करवून १९७८ मध्ये प्रदर्शित केला. कथा काल्पनिक असूनही तिच्यात नायकाच्या खोट्या मृत्यूसाठी ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीची, शवपेटीतील त्याच्या चेहऱ्यासह, दृश्ये जोडलेली आहेत. संपूर्ण प्रकारात याहून निर्दय संकलन सापडणे कठीण. याउलट त्याला पाताळात जेम्स बाँड व ड्रॅक्युला यांच्याशी भिडवणारा ‘द ड्रॅगन लिव्ह्ज अगेन’ (१९७७) किंवा त्याच्या तीन प्रतिकृती निर्माण करणारा ‘द क्लोन्स ऑफ ब्रूस ली’ (१९८०) हे उघडउघड अद्भुतपट असल्याने त्यांनी चरित्राचे फारसे नुकसान केले नाही.

या व्यवहारात नटांचीही हानी झाली. हो चुंग-ताओ हा कसलेला साहसदृश्यकार होता, पण दुसऱ्याचे हातवारे आणि दुसऱ्याचे नाव यांतून बाहेर पडण्याचे त्याचे प्रयत्न वितरकांनी फारसे यशस्वी होऊ दिले नाहीत. त्याची, तसेच ब्रूस ले आणि ड्रॅगन ली या नावांनी वावरलेल्या नटांची बाजू डेव्हिड ग्रेगरीच्या ‘एंटर द क्लोन्स ऑफ ब्रूस’ (२०२३) या माहितीपटात त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते.

प्रसंग रचण्याची सवय पुढच्या प्रतिष्ठित चरित्रपटांतही उतरली. पत्नी लिंडा हिच्या पुस्तकावर आधारलेल्या हॉलिवुडच्या ‘ड्रॅगन : द ब्रूस ली स्टोरी’ (१९९३) मध्ये त्याच्या पाठीची दुखापत प्रतिस्पर्ध्याच्या लाथेने झालेली दाखवली आहे, वास्तविक ती १९७० मध्ये वजने उचलण्याच्या व्यायामात झाली होती. आजही अनेक चाहते चित्रपटातली हकीकत खरी म्हणून सांगतात.

असे चित्रपट रोखण्याचे मार्ग त्या काळी तोकडे होते. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि इंग्लिश कायद्याच्या परंपरेत मृत व्यक्तीच्या बदनामीबद्दल दावा करता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात व्यक्तीचे नाव व चेहरा यांच्या व्यापारी वापरावरील हक्क मृत्यूनंतर वारसांकडे देणारा कायदा १९८५ मध्ये अमलात आला. तोपर्यंत ही लाट ओसरली होती.